कपात नाही, फक्त पैसे उशिरा: कॅलिफोर्नियातल्या चार्टर शाळेच्या बोर्डावरचा माझा अनुभव

मुलगी जाते त्या चार्टर शाळेच्या बोर्डावर मी 2019 च्या शेवटी गेलो. आयटीवाला आहे, एक्सेल बरं येतं, एवढ्या भांडवलावर मला ट्रेझरर करून टाकलं. आधी थोडं बॅकग्राउंड देतो, कारण पुण्यातल्या नातेवाइकांना अजूनही वाटतं की चार्टर म्हणजे प्रायव्हेट शाळा. तसं नाहीये. इथे चार्टर ही फुकट सरकारी शाळाच असते, फक्त चालवते एक नॉन-प्रॉफिट संस्था आणि पैसे येतात मुलामागे, तेही पटावरच्या मुलांप्रमाणे नाही तर रोजच्या हजेरीच्या सरासरीवर, त्याला एडीए म्हणतात. आपल्याकडच्या अनुदानित शाळेसारखा शिक्षकांचा पगार सरकार वेगळा देत नाही, जे येईल त्यातच पगार, पेन्शनचा वाटा, भाडं, सगळं बसवायचं. डिस्ट्रिक्टला (म्हणजे त्या भागातल्या नेहमीच्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) मतदारांच्या मंजुरीने बाँड काढता येतात, जादा प्रॉपर्टी टॅक्सही लावता येतो, चार्टरला यातलं काहीच करता येत नाही.

राज्याचं बजेट जानेवारीत येतं, मे महिन्यात गव्हर्नर सुधारित आकडे देतात ज्याला सगळे मे रिव्हाइज म्हणतात, 15 जूनपर्यंत विधिमंडळाने पास करायचं आणि 1 जुलैला वर्ष सुरू. आणि शाळेचं बजेटही 1 जुलैपर्यंतच सादर करायचं असतं! म्हणजे वरून किती येणार हे नीट ठरायच्या आतच आपण किती खर्च करणार ते बोर्डाने पास करायचं. नॉर्मल वर्षी हे चालून जातं. 2020 नॉर्मल नव्हतं.

त्या मे महिन्यात राज्याने 54 अब्ज डॉलर तुटीचा अंदाज काढला आणि शाळांच्या मुख्य फंडिंगमध्ये (एलसीएफएफ, 2013 पासूनचा फॉर्म्युला) 10 टक्के कपात सुचवली, फेडरल मदत आली तर मागे घेऊ असं म्हणून. आम्ही झूमवर बसून कोणाला कमी करायचं याची यादी करत होतो, आणि बोर्ड मीटिंग पब्लिक असते त्यामुळे ज्यांच्या नोकरीबद्दल बोलणं चाललंय तेच शिक्षक स्क्रीनवर ऐकतायत, ते मी विसरू शकत नाही. मग जूनच्या शेवटी फायनल बजेट आलं आणि कपात रद्द! महागाईची वाढ शून्य, पण कपात नाही. ग्रुपवर लोकांनी पार्टीचे इमोजी टाकले.

पण खालची ओळ कोणी वाचली नव्हती. त्यात डिफरल होतं. म्हणजे फेब्रुवारी 2021 च्या हप्त्याचा काही भाग त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये, मार्चचा ऑक्टोबरमध्ये, असं करत जूनचा जुलैमध्ये. सरकारच्या हिशोबात पैसे दिलेले धरतात, आमच्या खात्यात मात्र ते नसतात, आणि शिक्षकांना काय सांगणार की तुमचा मार्चचा पगार दसऱ्याला घ्या?

मोठ्या डिस्ट्रिक्टला यात फार त्रास होत नाही, त्यांना स्वस्त व्याजाने शॉर्ट टर्म कर्ज मिळतं. आम्हाला आमच्या बँकेने सरळ नाही म्हटलं, कारण चार्टरची मंजुरी काही वर्षांचीच असते, रिन्यू नाही झाली तर पैसे कोण देणार. शेवटी एका फायनान्स कंपनीला आमची सरकारकडची येणी डिस्काउंटने विकली. त्यात जे गेलं त्यात एक टीचर असिस्टंट वर्षभर ठेवता आला असता. मग ही कपात नाही तर काय आहे? अडचणीतल्या शाळांना डिफरलमधून सूट मागता येत होती, पण त्यासाठी आपण देणी भागवूच शकत नाही असं लिहून द्यायचं, आणि तो कागद ज्यांनी आपल्याला मंजुरी दिली त्या ऑथोरायझरमार्फत पाठवायचा. कोण पाठवेल सांगा.

दुसरा फटका हजेरीचा. कोविडमुळे राज्याने 2019-20 ची हजेरीच पुढच्या वर्षी धरायचं ठरवलं. पट घसरणाऱ्या शाळांना दिलासा, पण आम्ही नवीन सातवीचा वर्ग उघडत होतो, त्या मुलांचे पैसे शून्य. बऱ्याच वाढत्या शाळांनी आरडाओरडा केला, केस पण झाली, मग सप्टेंबरमध्ये एसबी 820 नावाचा कायदा आला आणि वाढ धरली, पण बजेटमध्ये दाखवलेली वाढ किंवा प्रत्यक्ष पट, यातलं जे कमी असेल ते. ऑनलाइन वगैरे नॉन-क्लासरूम चार्टर त्यातून बाहेरच राहिल्या.

आणि कहर म्हणजे ती तूट आलीच नाही. इथला इन्कम टॅक्स 40-50 टक्के वरच्या एक टक्का लोकांकडून येतो, शेअर मार्केट उसळलं तशी तिजोरी भरली, 2021-22 च्या बजेटमध्ये डिफरल सगळी फेडली आणि वर 5.07 टक्के वाढ दिली. आम्ही कंपनीला दिलेलं डिस्काउंट मात्र कोणी परत केलं नाही.

त्यानंतर आम्ही रिझर्व्ह वाढवला, त्यावर पालक चिडतात की पैसे पडून आहेत तर आर्ट टीचर का नाही, त्यांचंही बरोबरच आहे म्हणा. पण 2025-26 च्या बजेटमध्ये जून 2026 चे सुमारे 1.9 अब्ज डॉलर परत जुलैवर ढकलले. तुमची मुलं चार्टरमध्ये असतील तर बोर्ड मीटिंगमध्ये नुसतं बजेट बघू नका, महिन्यावार कॅश फ्लोचा तक्ता मागा, आणि फेब्रुवारी ते जूनचे कॉलम आधी बघा.