शिडीवरची मावशी

आई काल बोलता बोलता मधेच थांबली. मावशीची गोष्ट चालली होती, मावशी शाळेत असतानाची, आणि इतकी रंगली होती की मी घडी घालायला घेतलेली चादर तशीच मांडीवर धरून बसले होते. मावशी शिडीवर चढली, खालून आजोबांची हाक आली, आणि मावशीने काय केलं असेल तर... आणि तेवढ्यात आईने माझ्याकडे बघितलं. "जाऊ दे. तू लिहिशील." असं म्हणून वाळलेले कपडे काढायला गेली. कपडे मी मगाशीच काढून आणले होते, त्यातलीच चादर माझ्या मांडीवर होती, म्हणजे तिला तिथे काहीही काम नव्हतं.

मला इतकं लागलं ना ते. आणि लागलं ते लागलंच, वर मावशी काही डोक्यातून उतरेना, रात्री दिवा बंद केला तरी मावशी शिडीवरच. ब्ल्यूमा झायगार्निक नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाई होत्या, त्यांनी बर्लिनमध्ये प्रयोग करून १९२७ मध्ये तो छापला होता, लोकांना छोटी छोटी कामं द्यायची, मणी ओवणं, कोडी सोडवणं वगैरे, त्यातली निम्मी मधेच थांबवायची आणि नंतर विचारायचं काय काय केलंत, तर अर्धवट सुटलेली कामंच लोकांना जास्त आठवत होती. पुढे इतरांनी करून बघितलं तेव्हा दर वेळी तसंच निघालं असं नाही. पण अर्धवट गोष्टीचं मात्र मी छातीठोक सांगते, ती झोपू देत नाही.

हे काही कालचंच नाहीये. हल्ली घरात असंच चाललंय. लेक शाळेतलं काही सांगायला लागली की आधी वचन घेते, "हे टाकायचं नाही". दादा फोनवर "ऑफ द रेकॉर्ड" म्हणून सुरुवात करतो. नवरा तर भांडतानासुद्धा पूर्ण वाक्यात, नीट शब्द निवडून बोलायला लागलाय, आणि अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? बाबांचं तर... जाऊ दे, बाबांचं वेगळं आहे.

इंग्रजी कादंबरीकार जेन ऑस्टिनच्या भाच्याने लिहून ठेवलंय की ती घरातल्या बैठकीच्या खोलीतच लिहायला बसायची, तिथे यायच्या वाटेवरचं एक दार करकरायचं आणि ते तिने कधी दुरुस्त करू दिलं नाही, कारण दार वाजलं की कुणीतरी येतंय हे कळायचं आणि तिला कागद झाकून ठेवता यायचे. लहान लहान कागदांवर लिहायची, पटकन लपवता यावेत म्हणून. म्हणजे ती नोकरांपासून, आल्यागेल्यांपासून लिखाण लपवायची, घरच्यांपासून नाही, आणि माझ्या घरचेच माझ्यापासून बोलणं लपवतायत. मी आले की विषय बदलतो. माझ्याच घरात! मी काय कुणाची उणीदुणी काढते का? मी लिहिते ते ही माणसं मला आवडतात म्हणून, त्यांचं बोलणं कानात राहतं म्हणून, आणि उद्या ते विसरून जाईन याची भीती वाटते म्हणून. आईचं तर एकेक वाक्य असं असतं की ते कुठेतरी उतरवून ठेवलं नाही तर मला चैन पडत नाही. आणि तिलाच माझी धास्ती?

सकाळी राहवलं नाही, विचारलंच. म्हटलं, तुला आवडत नाही का मी लिहिलेलं. आई सुईत दोरा ओवत होती, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, सुई उजेडाकडे धरली, एकदा हुकलं, परत टोक ओलं केलं, आणि मग वर न बघताच म्हणाली, "आवडतं की. पण तू लिहिलंस की मग मला कोण विचारतं? परवा ती चष्म्याची गोष्ट सांगायला घेतली तर सगळे म्हणाले, हो हो, वाचलंय."

मला वाटत होतं तिला लाज वाटते, किंवा लोक काय म्हणतील वगैरे. ते काहीच नव्हतं. चष्म्याची गोष्ट ती कितीतरी वर्षं सांगत आलीये, मधे मधे फाटे फोडत, बाबांचा आवाज काढत, आणि दर वेळी चष्मा सापडायच्या आधी थांबून सगळ्यांकडे एकदा बघत. ते बघणं मी लिहिलेलं नाही. ते लिहिता येतंच नाही. माझी गोष्ट कुणीही दोन मिनिटांत वाचून मोकळं होतं.

मग राग कुठल्या कुठे गेला. वाईट वाटतंय अजून, पण ते वेगळं. घरातल्या सगळ्याच गोष्टी माझ्या वहीत यायला पाहिजेत असं कुठे आहे, काही तिच्या तोंडीच राहू देत. मावशीचं पुढे काय झालं ते मला अजून माहीत नाही, आणि कळलं तरी ते इथे येणार नाही. रविवारी सगळे जमणार आहेत तेव्हा सगळ्यांसमोर तिलाच सांगायला लावणार आहे. दादाला आत्ताच बजावून ठेवलंय, तुला माहीत असली तरी मधे बोलायचं नाही.