आमची वाटचाल : मीटरवाल्यांचं दुकान

इंदूरला रामबागेत भाड्याच्या एका शटरमधे आम्ही दोघांनी कार ऑडिओचं काम सुरू केलं, मी आणि माझा पार्टनर, सोल्डरिंगला त्याचा हात फार साफ होता. बरं चाललं होतं. मग समोरच काचेचं मोठं दुकान आलं. डब्यावर छापलेले २००० वॉट दाखवायचे, अँपवरचा (अँप्लिफायर, आवाज मोठा करणारा डबा) गेन नावाचा नॉब पूर्ण फिरवून द्यायचे, काचा थरथरल्या की पोरं खूश, वर सांगायचे की समोरच्यांच्या गाडीत आवाजच नसतो. पार्टनरही तिकडेच गेला. ते मला अजून लागतं, खोटं कशाला बोलू.

आम्हीही तेव्हा गेन कानानेच लावायचो. त्यातच देवासच्या एका टॅक्सीवाल्या दादांचा सबवूफर, म्हणजे बासचा मोठा स्पीकर, आमच्याच सेटिंगवर जळला, उघडला तर आतली तारेची कॉइल काळी ठिक्कर, जळक्या वार्निशचा वास दुकानभर. बोभाटा झाला, सहा महिने भाडं थकलं. दादा मात्र पैसे मागायला नाही, नवीन वूफर घेऊन आले, म्हणाले आता नीट लावून दे. त्या दिवशी व्होल्ट मोजायचा मीटर हातात घेतला.

तुम्ही करत असाल तर एवढं कराच. स्पीकरच्या वायरी काढा, बास बूस्ट शून्य, इक्वलायझर फ्लॅट, गाडी स्टार्ट ठेवा कारण बंद गाडीत बॅटरी १२.६ व्होल्ट आणि चालूत १४ च्या आसपास असते. हेडयुनिट, म्हणजे डॅशबोर्डवरचा प्लेअर, पाऊण व्हॉल्यूमवर, पेनड्राइव्हवरून ५० हर्ट्झचा टोन, मीटर एसी व्होल्टवर, अँपच्या स्पीकरच्या टोकांना. वॉट गुणिले स्पीकरचे ओहम, त्याचं वर्गमूळ, तेवढे व्होल्ट मीटरवर हवेत. दादांचा अँप २ ओहमला ५०० वॉट आरएमएस (सतत देता येणारी खरी पॉवर), म्हणजे ३१.६ व्होल्ट, गेन हळूहळू वाढवत मीटर तिथे आला की गेन सोडून द्यायचा. गेन म्हणजे व्हॉल्यूम नाही हो, हेडयुनिटकडून सिग्नल किती व्होल्टचा येतो त्याच्याशी अँप जुळवायचा असतो. पुढे पैसे साठवून स्कोप, म्हणजे सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र, घेतला, कारण मीटर आकडा सांगतो पण लाटेचं डोकं चपटं झालेलं त्यात दिसत नाही, आणि लाट पार चौकोनी झाली तर तेवढ्याच उंचीच्या गोल साइन लाटेपेक्षा दुप्पट पॉवर कॉइलमधे जाते.

पुढची वर्षं ठीक गेली. प्रत्येक गाडीचा आकडा वहीत लिहितो. मागे दादांच्या मुलाने गेन फिरवून टाकला तर रात्री अकराला त्यांचा फोन, आपला आकडा किती रे? वही काढली आणि सांगितलं, ३१.६.