तिसरी आली याची हळहळ

४ सप्टेंबर २०२४, बुधवार

काल रात्री जागून पॅरिस पॅरालिम्पिकमधली बौद्धिक दिव्यांग महिलांची ४०० मीटर शर्यत पाहिली. दीप्ती जीवनजीला कांस्य, ५५.८२ सेकंद. सुवर्ण युक्रेनला, ५५.१६ मध्ये. मी चक्क हळहळले. मे महिन्यात जपानमधल्या कोबेला, जागतिक स्पर्धेत, हिनेच ५५.०७ चा विश्वविक्रम केला होता, तो परवा प्राथमिक फेरीत तुर्कीच्या मुलीने मोडला. म्हणजे काल दीप्ती स्वतःच्याच वेळेत धावली असती, तर सुवर्ण होतं!

सकाळी आईला सांगितलं. ती म्हणाली, "अगं, बिचारी एवढ्या लांब जाऊन धावली हेच पुष्कळ." आई मनाने चांगली आहे, पण बिचारी कसली? बौद्धिक दिव्यांगांच्या गटात पॅरालिम्पिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय. वरंगळकडच्या कल्लेडा गावात लोक तिला काय काय म्हणायचे, ते वाचवत नाही. हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेतल्या सुवर्णानंतर मिळालेल्या पैशांतून घरच्यांनी विकलेली जमीन परत घेतली.

आणि ४०० मीटर म्हणजे नुसतं जीव तोडून पळणं नव्हे. आधी किती ओतायचं, शेवटच्या शंभरासाठी किती राखायचं, हा हिशेब धावता धावता करायचा. लेनची सुरुवात पुढेमागे, त्यामुळे शेवटचं वळण संपेपर्यंत कोण पुढे तेही धड कळत नाही. ज्यांना 'हिशेब जमत नाही' म्हणून आपण बाजूला बसवतो, त्यांची ही शर्यत.

लबाडी मात्र शहाण्यांनी केली. २००० साली सिडनीत स्पेनच्या बास्केटबॉल संघाने याच गटाचं सुवर्ण नेलं. मग कळलं, बारापैकी दहाजणांना बौद्धिक अपंगत्व नव्हतंच. भोगलं कुणी? २००४ आणि २००८ ला या गटाच्या खेळाडूंना पॅरालिम्पिकमध्ये पदकासाठी उतरताच आलं नाही. दार उघडलं ते २०१२ ला, लंडनमध्ये.

ताईच्या लेकाच्या विशेष शाळेत क्रीडादिनाला सगळ्यांना सारखीच पदकं. गेल्या वर्षी पदक गळ्यात पडल्यावर त्याने विचारलं, "पण पहिला कोण?" बाई म्हणाल्या, "सगळेच पहिले." त्याने पदक काढून खिशात कोंबलं, त्याला मागे टाकणाऱ्या मुलाकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "हा."

ताईला म्हटलंय, यंदा स्टॉपवॉच घेऊन जाऊ. बाई नको म्हणतील बहुतेक.