बाबांच्या सालाची मेणबत्ती

"काळे कपडे नकोत आणि आज कुणी रडायचं नाही." इथे परदेशात, आमच्या चर्चमधल्या एका आजींच्या अंत्यविधीच्या निरोपात हे वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. इथल्या लोकांची शिस्त मान्य, अनोळखी माणसासाठी धावून जाणंही मान्य. पण रडण्यावरही सूचना? आपल्याकडे मयताला हंबरडा फोडतात म्हणजे आपला विश्वास कच्चा, आणि हे हसतहसत फोटो दाखवतात म्हणून यांचा पक्का? अहो, मेलेल्या मित्राच्या, लाजरसाच्या कबरेकडे जाताना येशू स्वतः रडला. आपण त्याला उठवणार आहोत हे ठाऊक असूनही रडला. योहानाचा अकरावा अध्याय यांच्याही बायबलात आहेच की!

मी इतकी का चिडले, ते सांगते. गेल्या पावसाळ्यात बाबांचं दफन मी फोनवर पाहिलं. लगेच विमानात बसले असते तरी वेळेत पोहोचले नसते. निदान मी स्वतःला तसं सांगते.

तरी आजींच्या अंत्यविधीला गेले. शवपेटीजवळ पास्काची मेणबत्ती जळत होती. ईस्टरच्या आदल्या रात्री, पुनरुत्थानाच्या जागरणाला दरवर्षी नवी पेटवतात तीच, बाप्तिस्म्याला असते तीच. मधोमध क्रूस, वर आल्फा, खाली ओमेगा (ग्रीक लिपीतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर), क्रूसाच्या चार कोनांत सालाचे चार आकडे. क्रूसावर धूपाचे पाच दाणे खोचलेले, म्हणजे येशूच्या पाच जखमा. लहानपणापासून पाहत आलेय, पण त्या दिवशी पहिल्यांदा मोजले. उठलेल्या येशूच्या अंगावर व्रण होतेच की. विश्वास न ठेवणाऱ्या थोमा या शिष्याला त्याने तेच तर दाखवले. मरणावर मात केली, पण खिळ्यांच्या खुणा पुसल्या नाहीत.

मग आकड्यांकडे लक्ष गेलं. ईस्टर अजून यायचा होता, म्हणून मेणबत्ती गेल्या सालाचीच. बाबा गेले ते साल.

रडले. चांगली हुंदके देऊन रडले. तो निरोप पाठवणारी आजींची मुलगीच शेजारी येऊन बसली, हात धरला, आणि मग तिलाही आवरेना. (सूचना बहुधा तिने स्वतःसाठीच लिहिली असावी. मी उगाच तिच्या देशावर घसरले.)

येत्या शनिवारी रात्री नवी मेणबत्ती येईल, नव्या आकड्यांची. जुनीचा उरलेला तुकडा मिळेल का, हे फादरना विचारायचं ठरवलंय.