पाचवी म्हणजे पंचमी नव्हे

अमेरिकेत रसीनला राहायला आल्यावर वर्षभर मी त्या पुतळ्यावरून ये-जा केली, पण तो कोणाचा ते काही बघितलं नाही. मग मंडळाच्या कार्यक्रमात 'आपलं गाव' यावर दहा मिनिटं बोलायचं माझ्या गळ्यात पडलं. गाडी बाजूला लावून नाव वाचलं: कारेल योनाश, इकडचे चार्ल्स जोनास.

जन्म १८४०, बोहेमियातलं म्हणजे आजच्या चेक देशातलं, तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यातलं मालेशोव्ह. ऑस्ट्रियन पोलीस मागे लागले म्हणून लंडन गाठलं आणि १८६३ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या या गावात येऊन 'स्लाविये' या चेक वृत्तपत्राचे संपादक झाले. पुढे आमदारकी आणि १८९१ मध्ये राज्याचे लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे उपगव्हर्नर. एवढं इंग्रजीत तासाभरात मिळालं. त्यांच्या विजयामागे भाषेचंच भांडण होतं, हे मात्र उशिरा कळलं. १८८९ च्या बेनेट कायद्याने शाळांत इंग्रजीची सक्ती केली, जर्मन मतदार खवळले आणि १८९० मध्ये योनाशांचा डेमोक्रॅट पक्ष निवडून आला. गव्हर्नर झालेले पेकही वृत्तपत्रवालेच! कायदा लगेच रद्द झाला.

म्हटलं, या माणसाचं चेक थोडं तरी वाचता यावं. शिकायला पुस्तक घेतलं तेही त्यांचंच, १८९० चं 'बोहेमियन मेड ईझी'. ईझी कसलं! चेकमध्ये सात विभक्त्या. मी खूश, आपल्या तर आठ पाठ आहेत. चेक लोक विभक्त्यांना आकड्यांनीच ओळखतात, त्यामुळे वहीत पाचवीसमोर मी बिनधास्त 'पासून' लिहिलं आणि दोन आठवडे 'कार्ले' म्हणजे 'कारेलपासून' असं वाचत राहिलो. काही केल्या वाक्य लागेना. ऑफिसातल्या एका चेक बाईंना विचारलं, तर त्या हसतच सुटल्या. त्यांची पाचवी म्हणजे संबोधन. कारेलला हाक मारायची तर 'कार्ले!' पंचमी त्यांच्याकडे नाहीच, 'पासून'चं काम षष्ठीच उरकते. मग शाळेतला तक्ता आठवून वहीत नव्याने मांडला: प्रथमा, षष्ठी, चतुर्थी, द्वितीया, संबोधन, सप्तमी, तृतीया. त्यानंतर रोज चार ओळी तरी सरकायला लागल्या. तो 'र्झ'सारखा र मात्र जिभेवर अजून बसलेला नाही.

कार्यक्रमात 'कार्ले' म्हटल्यावर कोणी लोणावळ्याची लेणी काढली, कोणी भाजी, आणि माझी वेळ तिथेच संपली. ज्या देशातून पोलिसांना चुकवून पळाले, तिथेच प्रागला हेच योनाश १८८६ मध्ये अमेरिकेचे कॉन्सुल, म्हणजे वाणिज्यदूत, म्हणून गेले, ही खरी चटकदार गोष्ट मी चहाच्या रांगेत दोघांना सांगितली.