गाऱ्हाण्यातली सही

घरकुलाची फाइल हातात आली की मी आधी सातबारा काढते. उत्पन्नाचा दाखला, आधार, पासबुक हे सगळं मागाहून. आमच्या नगरपरिषदेच्या हद्दीतल्या जुन्या वाड्यांमध्ये घराखालची जागा एकट्याच्या नावावर क्वचितच सापडते. पणजोबांच्या नावानं सुरू झालेला उतारा वाढत वाढत वीस-पंचवीस नावांवर येतो. त्यातले काही मयत, त्यांच्या वारसांची नोंदच झालेली नसते. काही नालासोपाऱ्याला, काही डोंबिवलीला. गावात राहतो तो एकच, घर हवं असतं त्यालाच, आणि बांधकाम परवानगीला संमती लागते सगळ्या सहहिस्सेदारांची.

मी स्थापत्य विभागात कनिष्ठ अभियंता आहे, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका छोट्या नगरपरिषदेत. गटारं, गल्ल्यांचे रस्ते, स्मशानशेडचे पत्रे, गणपती विसर्जनाच्या घाटावरचे दिवे आणि घरकुलं हे सगळं दोन-तीन माणसांच्या टेबलांवरून जातं. प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागात, लाभार्थ्यानं स्वतःच्या जागेत बांधायच्या घराला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळतो. ३० चौरस मीटर चटईक्षेत्राच्या घराला हे अडीच लाख पुरत नाहीत. चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, वाहतूक आणि गवंड्याची मजुरी यांतच मोठा वाटा जातो, उरलेलं मुंबईचा भाऊ किंवा पतपेढी. काम जोत्याला आलं की जिओ टॅगिंगचा, म्हणजे जागेच्या ठिकाणाची नोंद असलेला, फोटो, छत पडलं की पुन्हा फोटो, त्यावर हप्ता.

नकाशांबद्दल बोलायलाच हवं. सल्लागार संस्थेकडून येणारा नमुना नकाशा सपाट स्लॅबचा असतो. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. सपाट स्लॅब दोन पावसाळ्यांत पाझरायला लागतो आणि मग गरीब माणूस कर्ज काढून त्यावर पत्र्याची शेड उभारतो. म्हणजे एका घराला दोन छपरं, दुसरं स्वतःच्या पैशानं. चिऱ्याच्या भिंती आणि उतरतं छप्पर, हे इथल्या गवंड्याला डोळे मिटून जमतं. ते नकाशात आणण्यासाठी मी किती कागद लिहिले असतील! नकाशा काढणाऱ्यानं एक जुलै महिना इथे काढायला हवा.

तर ज्या फाइलीबद्दल लिहायला बसले ती एका काकींची. विधवा, काजूच्या कारखान्यात कामाला. जुन्या घराची मातीची मागची भिंत २०२१ च्या जुलैत बसली, तेव्हापासून त्या आणि त्यांचा मुलगा पुढच्या पडवीत ताडपत्री लावून राहत होते. यादीत नाव मंजूर होतं, काम सुरू झालेलं नव्हतं. योजनेची मुदत मूळची ३१ मार्च २०२२ ची. मंजूर घरं पुरी करण्यासाठी ती ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत वाढवलेली. मार्च २०२४ मध्ये जोतं सुरू झालं नाही तर पावसाळा आडवा येणार आणि डिसेंबरात नाव गळणार, हे मला सरळ दिसत होतं.

बाकीच्या संमत्या काकींनी वर्षभर फिरून जमवल्या होत्या. अडली होती ती एकच, त्यांच्या पुतण्याची. तो विरारला राहतो, रिक्षा चालवतो. फोनवर ‘बघू’ म्हणायचा. ऑफिसात सगळ्यांचं मत ठरलेलं होतं की त्याला पैसे हवेत. आमच्या वरिष्ठ लिपिकांना प्रत्येक अडलेल्या सहीमागे पैसेच दिसतात.

त्याच वाडीत गल्लीच्या काँक्रिटीकरणाचं काम चालू होतं. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली, पण कार्यादेश आधीच दिलेला असल्यामुळे काम थांबलं नाही. या गल्लीचा मला अभिमान आहे. आमच्याकडे वर्षानुवर्षं रस्त्यावर थरावर थर टाकतात. जुना थर खरवडून काढायची बाब अंदाजपत्रकात धरतच नाहीत. दर खेपेला रस्ता दोन-तीन इंच वर येतो, आणि एके दिवशी घरांची जोती रस्त्याच्या खाली जातात. मग पाणी शिरलं म्हणून तोच माणूस आमच्याकडे अर्ज घेऊन येतो आणि आम्ही त्याला गटार मंजूर करतो. या गल्लीत मी खोदाईची बाब धरूनच घेतली. जुनं सगळं उचललं, खाली खडीचा थर दाबून घेतला, वर सहा इंच काँक्रीट, आणि ढाळ गटाराच्या बाजूला. तयार रस्ता प्रत्येक घराच्या जोत्यापेक्षा खाली राहिला. ठेकेदार कुरकुरला, पण शिमग्याची पालखी याच गल्लीतून जाणार होती. पालखीच्या वाटेवर काम अर्धवट ठेवायची त्याची छाती नव्हती.

होळी २४ मार्चची होती. त्यानंतर पालखी घरोघर फिरत त्या वाडीत आली ती गुड फ्रायडेला. जोडून शनिवार-रविवार, त्यामुळे झाडून सगळे चाकरमानी आलेले. मार्चअखेरीला आम्हाला सुट्टी नसते. बिलासाठी शेवटची मापं घ्यायला मी मोजमाप पुस्तिका आणि टेप घेऊन गेले होते. काकींची फाइल पिशवीत होती, कारण पुतण्या येणार हे त्यांनी सांगितलं होतं.

तो खळ्यातच, घरापुढच्या अंगणात, भेटला, मांडवाला बांबू बांधत होता. मी संमतीपत्र पुढे केलं तर त्यानं हात पुसले आणि मला खळ्याच्या मधोमध नेऊन उभं केलं.

“मॅडम, काकीनं घर बांधू नये असा मी कशाला म्हणू? पन तुमच्या नकाशात घर हितवर येतंय. पालखी पिढ्यान्पिढ्या ह्याच खळ्यात बसते. खळा गेला तर पुढल्या वर्षी ती बसंल कुठं? आणि मी विरारवरना यायचा कुनाकडं?”

मी नकाशा उघडला. त्याचं बरोबर होतं. घराची लांब बाजू गल्लीला समांतर धरली होती आणि पुढचा भाग खळ्याचा निम्म्याहून जास्त तुकडा खात होता. नकाशात ती जागा नुसती ‘मोकळी जमीन’ होती. वर्षभर ज्याला लोभी ठरवलं त्या माणसानं नकाशा आमच्यापेक्षा नीट वाचला होता.

मग तिथेच टेप सोडला. घर काटकोनात फिरवलं, पाठीमागे सरकवलं, विहीर आणि शौचालयाचा शोषखड्डा यांच्यातलं अंतर पुन्हा तपासलं. पुढे बारा फूट मोकळे राहत होते. मानकऱ्यांतले एक आजोबा म्हणाले, पालखी नाचवायला पंधरा हवेत. स्वयंपाकघर मागच्या बाजूला वळवून ते तीन फूटही मिळाले. चटईक्षेत्र तेवढंच राहिलं. फिरवलेल्या घरावर उतरतं छप्पर घेणंही सोपं गेलं, ते मी त्याच कागदावर काढून दिलं. सुधारित नकाशा सोमवारी करून देते म्हणाले. पुतण्या मान हलवत होता, पण सही करतो म्हणाला नाही. “बायकोशी, भावाशी बोलतो,” एवढंच.

तेवढ्यात ढोल जवळ आले.

पालखी बसली, काकींनी ओटी भरली. गाऱ्हाणं घालायला, म्हणजे सगळ्यांच्या वतीनं देवाकडे मागणं मागायला, तेच आजोबा उभे राहिले. नेहमीचं सगळं झालं, मुंबईच्या पोरांच्या नोकरीधंद्याला यश दे, आजार-पिडा टाळ. प्रत्येक वाक्याला सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होते. आणि मग, कुणी सांगितलेलं नसताना, ते म्हणाले की ह्या लेकीच्या घराचं काम अडलंय, आज सगळी भावकी एकदिलानं उभी आहे, ते काम तडीस ने.

“व्हय म्हाराजा!”

पुतण्या माझ्यापासून हातभर अंतरावर होता. त्यानंही म्हटलं. न म्हणून कसं चालेल? पालखी पुढच्या घरी गेली आणि तो स्वतःहून माझ्याकडे आला, पेन मागितलं, सही केली. साक्षीदार म्हणून दोघांनी केल्या. काकी रडत होत्या.

एप्रिलच्या मध्याला जोतं सुरू झालं, डिसेंबरच्या आत घर पुरं झालं. उतरतं छप्पर, चिऱ्याच्या भिंती, पुढे पंधरा फूट खळं. गेल्या शिमग्याला पालखी तिथेच बसली, पुतण्याही आला. कागदावर सगळं बिनचूक आहे.

तरी ती सही माझ्या डोक्यातून जात नाही. त्याचा आक्षेप खरा होता आणि आम्ही तो दूर केला होता, हे मी स्वतःला सांगते. पण त्याला भावाशी बोलायचं होतं. जागेवरचा पुढचा हक्क, उद्या त्यालाही तिथे खोली बांधायची झाली तर कुठे, हे विचारायचं असेल. ते विचारायच्या आधीच देवासमोर, सगळ्या वाडीसमोर त्याच्या तोंडून होकार गेला. आमच्या छापील संमतीपत्रात ‘कोणाच्याही दबावाशिवाय’ असं एक वाक्य असतं. गाऱ्हाण्याला दबाव म्हणायचं का? आजोबांना विचारलं तर त्यांना ते सुचणारसुद्धा नाही. भावकी एकत्र आणायचं त्यांचं ते कामच, आणि ते त्यांनी मनापासून केलं. माझ्या साहेबांचं म्हणणं असं की जे काम तीन वर्षं आमच्या नोटिसांनी झालं नाही ते देवानं एका दुपारी केलं, त्यात शंका कसली काढतेस. त्यांना फाइल बंद झाल्याचं समाधान आहे. मलाही आहे, ताडपत्रीतले ते दोघे मी पाहिलेत.

सप्टेंबर २०२४ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला आणि तसलीच एक फाइल माझ्याकडे आहे, दुसऱ्या वाडीतली. नकाशा घेऊन मी आधी जागेवर गेले, पालखी कुठे बसते, पाट कुठून जातो, तुळस कुठे आहे ते विचारून घर आखलं. शिमग्यात संमतीपत्र घेऊन ये, असं त्या घरच्यांनी दोनदा सुचवलं. मी गेले नाही. मुंबईच्या दोघा हिस्सेदारांना नकाशाची प्रत आणि त्यांच्या वाट्याला उरणाऱ्या जागेचं माप पोस्टानं पाठवलं, सवडीनं विचार करून कळवा म्हणून. एकाची सही आली. दुसऱ्याची अजून यायची आहे, आणि त्या घरची म्हातारी आठवड्याला ऑफिसात येऊन विचारते, “बाय, आला काय कागद?”