डावा ब्रेक

काकूंच्या मनगटाचं प्लास्टर केव्हाच निघालं. माझ्या डोक्यातून मात्र तो उतार जात नाही. जेमतेम वीस मीटरचा, हिरव्या ट्रेलवरचा. आमच्याकडची सहा-सात वर्षांची पोरं रोज तिथून हसत खाली येतात.

मी कॅनडात, ब्रिटिश कोलंबियातल्या एका लहान बाइक पार्कात काम करते. हिवाळ्यात इथे स्कीइंग चालतं. बर्फ वितळलं की त्याच चेअरलिफ्टला सायकली अडकवून माणसं डोंगरावर जातात आणि मातीच्या वाटांनी खाली येतात. यालाच डाउनहिल म्हणतात. हिरवा गोल म्हणजे सोपी वाट, निळा चौकोन मध्यम, काळं शंकरपाळं अवघड. व्हिसलरच्या प्रसिद्ध बाइक पार्कला जगभरातून लोक येतात. आमच्याकडे आसपासची कुटुंबं आणि नवशिके. सकाळी भाड्याच्या सायकली लावून देणं आणि दुपारी नवशिक्यांचा तास घेणं, दोन्ही माझ्याकडे आहे.

डाउनहिल म्हटलं की लोकांना उड्या दिसतात. खरं काम त्याआधी दुकानात होतं. माणसाला हेल्मेट, पॅड सगळं चढवून सायकलवर उभं करायचं, शॉकवरचं, म्हणजे धक्के झेलणाऱ्या हवेच्या नळीवरचं, रबरी कडं वर सरकवायचं आणि बघायचं की नुसत्या वजनाने शॉक किती बसला. जितका दबू शकतो त्याच्या साधारण ३० टक्के बसायला हवा. कमी बसला तर हवा सोडायची, जास्त बसला तर शॉक पंपाने भरायची. मग लिव्हर, म्हणजे हँडलवरचा ब्रेकचा दांडा. डाउनहिलला ब्रेक एकाच बोटाने दाबतात, तर्जनीने, लिव्हरच्या अगदी टोकाशी. बाकीची बोटं मुठीवर घट्ट. लहान हाताच्या माणसाला बोट ताणून लिव्हर शोधावी लागली तर अर्ध्या तासात पंजा आखडतो, आणि आखडलेल्या पंजाने कोणी नीट ब्रेक लावू शकत नाही. ॲलन कीचे दोन-तीन वेढे, एवढंच काम आहे. पण गर्दीच्या दिवशी ते न करता सायकल पुढे ढकलणारे लोक आमच्याकडे आहेत आणि मला त्यांचा मनापासून राग येतो.

काकूंची लिव्हर मी तीनदा जुळवून घेतली होती.

त्या पंचावन्नच्या आसपासच्या, कोथरूडच्या. लेक व्हँकुव्हरला नोकरी करते, तिच्याकडे आलेल्या. लेकीला वाटत होतं आईने खाली बसून कॉफी प्यावी. काउंटरवर माझं आडनाव वाचून काकूंनी विचारलं, "अगं, मराठी का तू? कुठली?"

"कोल्हापूरची, काकू."

"मग तूच सांग हिला. सत्तावीस वर्षं स्कूटर चालवतेय मी. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधून ऑफिसला जात होते. घाबरायला काय झालं?"

मला त्या फार आवडल्या. घाबरलेल्या माणसाला शिकवणं कठीण असतं, तो सायकलवर ताठ बसून राहतो. काकूंनी सपाट मैदानावर पेडलवर उभं राहणं, गुडघे-कोपरं सैल ठेवणं, नजर चाकासमोर न ठेवता वाटेवर पुढे टाकणं, सगळं पहिल्या फटक्यात केलं. ब्रेकबद्दल मी सहा जणांच्या त्या गटाला एकदा इंग्रजीत सांगितलं, की डावा पुढचा, उजवा मागचा, दोन्ही हळूहळू दाबायचे. सगळ्यांनी माना हलवल्या. काकूंनीही.

वर गेलो. पहिली दोन वळणं छान झाली. आमच्याकडे वळणाची बाहेरची कड उंच बांधलेली असते, तिला बर्म म्हणतात. चाक तिच्यावर चढलं की सायकल आपोआप वळते. काकू बर्मवरून वळल्या तेव्हा मागून "वा!" ऐकू आलं. तिसऱ्या वळणानंतर तो वीस मीटरचा उतार. मी पुढे थांबून मागे बघत होते. काकूंच्या पुढचा मुलगा अचानक वाटेच्या मधोमध उभा राहिला, तेरा-चौदा वर्षांचा, शूजची लेस सुटली म्हणून. काकूंनी डाव्या हाताची चारही बोटं लिव्हरवर टाकली आणि मूठ आवळली. पुढचं चाक जागीच थांबलं, मागचं उचललं गेलं, काकू हँडलवरून पुढे.

मी धावत पोचले. हेल्मेटच्या आतून त्यांचं पहिलं वाक्य आलं ते मी विसरणार नाही. "अगं, पुढचा नाही गं दाबला मी. डावाच दाबला."

आपल्याकडे उजवा हात पुढच्या चाकाचा, डावा मागच्या. सायकलला तेच, स्कूटरला तेच. गाडी शिकवणारा कोणीही, वडील असोत की दादा, पहिल्याच दिवशी बजावतो की पुढचा ब्रेक दाबू नकोस, तोंडावर आपटशील. त्यात एप्रिल २०१९पासून आपल्याकडे १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना एबीएस, म्हणजे चाक जॅम होऊ न देणारी यंत्रणा, नसेल तर कॉम्बी ब्रेक सक्तीचा झाला. स्कूटरची डावी लिव्हर दाबली की दोन्ही चाकं धरतात. म्हणजे हात आणखीनच पक्का होतो. आणि ड्रम ब्रेकची स्कूटर थांबवायला अख्खी मूठ लागते. आमच्या सायकलला २०० मिलिमीटरची डिस्क आणि ती चार पिस्टननी आवळणारं कॅलिपर आहे. तर्जनीने चाक जॅम होतं, तिथे काकूंनी सिंहगड रोडवरची मूठ वापरली. ज्याने आयुष्यात काहीच चालवलेलं नाही, त्याचा हात कोरा असतो. काकूंचा हात सत्तावीस वर्षं तयार झालेला होता.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी कोल्हापुरात कॉलेजला स्कूटरवरच जात होते. इथे आल्यावर माझाच हात बदलायला अख्खा सीझन गेला. तरीही मी ते वाक्य एकदा, इंग्रजीत, सहा जणांना मिळून सांगितलं. काकूंना बाजूला घेऊन मराठीत म्हणायला हवं होतं, "काकू, इथे उलटं असतं, स्कूटर विसरा." दहा सेकंदांचं काम होतं.

प्रथमोपचार पथक आलं, स्प्लिंट बांधून खाली नेलं. मनगटाचं हाड मोडलं होतं. संध्याकाळी अपघाताचा फॉर्म भरायला बसले. कारणाच्या रकान्यात तीन पर्याय आहेत, ट्रेलची अवस्था, सायकलमधला बिघाड, चालकाची चूक. ट्रेल कोरडा, सायकल मी स्वतः तपासलेली. मी "चालकाची चूक" वर खूण केली. दुसरीकडे कुठे करता येत नव्हती, पण ती खूण खोटी आहे असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं.

मॅनेजरला म्हटलं, भारतातून आलेल्यांसाठी आपण ब्रेक बदलून ठेवू. एसरॅम कंपनीच्या बऱ्याच लिव्हर दोन्ही बाजूंना बसतात; ब्रेकच्या तेलाचा पाइप पुरला तर पंधरा-वीस मिनिटांचं काम. फ्रेमच्या आतून गेलेला पाइप ओढला जात असेल तर मात्र तो लिव्हरपासून सोडवून, टोकाचे जोड नवे लावून पुन्हा बसवायचा आणि तेलातली हवा काढायची. मी हे एका दुपारी तीन सायकलींना करू शकते. तो म्हणाला, संध्याकाळी एखादी परत बदलायची राहिली आणि सकाळी इथल्याच मुलाच्या हातात गेली तर? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याचं म्हणणं बरोबर आहे. मागितलं तर बदलून देतोच, असंही तो म्हणाला. तेही खरं आहे. ब्रिटनहून येणारे मागतात, कारण त्यांच्याकडेही पुढचा ब्रेक उजवीकडे असतो आणि ते सायकलवालेच असतात, त्यांना फरक ठाऊक असतो. स्कूटरवरून थेट इथे आलेली बाई काय मागणार? तिला प्रश्नच माहीत नाही.

तेव्हापासून सायकल देताना मी उंची-वजनाच्या आधी विचारते, घरी काय चालवता? उत्तर स्कूटर आलं की त्यांना सायकल हाताने धरून चालायला लावते आणि मधेच ओरडते, "मागचं चाक थांबवा!" दहातले सात-आठ डावा दाबतात, पुढचं चाक अडतं, हात दचकतो. तसं पाच-सहा वेळा करून घेते. रांग वाढते, सहकारी कुरकुरतात. कुरकुरू देत.

काकूंचा परवा पुण्याहून व्हॉइस मेसेज आला. फिजिओथेरपी संपली, गाडी पुन्हा सुरू केली. "काय सांगू गं तुला," म्हणाल्या, "सिग्नल आला की डावा हात लिव्हरपाशी जातो आणि तिथेच थांबतो. मग मी पाय टेकवते." मी तो तीनदा ऐकला. उत्तर अजून पाठवलेलं नाही.